अकरावी-बारावीच्या मुलांचा दारू आणि गाडीवरचा कार्यक्रम : तारकर्लीतल्या आमच्या वाडीचा अनुभव

पिऊन गाडी चालवू नका हे सांगणारा कॉलेजच्या मुलांचा हा कार्यक्रम आमच्या अंगणात झाल्यापासून आजूबाजूच्या होमस्टेवाल्या बायका मला विचारतायत, आपल्याकडे बोलवावा का, मुलं नीट बोलतात का, खर्च किती. प्रत्येकीला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते : बोलवा. पण काही गोष्टी आधी ठरवून घ्या, नाहीतर त्या पोरांवर नको तो भार पडतो.

तारकर्ली-देवबागचा रस्ता ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यातून जाणारा एकच रस्ता. त्याच रस्त्यावर मासळीचे टेम्पो, पर्यटकांच्या मोठ्या गाड्या, भाड्याच्या स्कूटर, शाळेची पोरं आणि संध्याकाळी गडग्यावर बसलेली म्हातारी माणसं. आमच्याकडे चार खोल्या आहेत, जेवण मी करते, आणि पाहुण्यांना फिरायला दोन स्कूटर देतो. दारू आम्ही देत नाही, पण लोक बरोबर घेऊन येतात, आणि रात्री अकराला कुणाला तरी मालवणात जाऊन आइस्क्रीम खायची हुक्की येते. वाडीतल्या आमच्या पोरांचंही तेच. हळदीची रात्र, गटारी, शिमगा, एकतीस डिसेंबर. कुणीतरी प्यालेला असतो, कुणीतरी त्याच्या मागे बसतो, आणि बसणारा बऱ्याचदा सोळा-सतरा वर्षांचा असतो.

यावर कार्यक्रम आमच्याकडे पूर्वीही झाला होता. तेव्हा मोठी माणसं आली होती, पडद्यावर अपघातांचे फोटो दाखवले, रक्त दाखवलं. पोरांनी माना खाली घातल्या, काही उठून बाहेर गेली, आणि त्याच रात्री वाडीत बाटली फुटली. म्हणून या वेळी कॉलेजची मुलं येणार म्हटल्यावर वाडीत फारशी उत्सुकता नव्हती.

मुलं सात आली, सोबत एक बाई. सगळी अकरावी-बारावीतली, सायन्सची आणि कॉमर्सची. एसटीने आली, कारण त्यांच्यातल्या कुणाकडेच लायसन्स नाही आणि लायसन्सशिवाय गाडी चालवायची नाही हा त्यांचा पहिला नियम. हे त्यांनी मुद्दाम बोलून दाखवलं नाही. आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, ‘बाईक नाय हाडलास?’ तेव्हा एका मुलाने सांगितलं. तिथेच वाडीतली निम्मी पोरं जरा सरळ बसली. आमच्याकडे दहावीतला मुलगा ॲक्टिव्हा घेऊन दूध घालायला जातो आणि आईबाप कौतुकाने सांगतात. मुलांनी मग सांगितलं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १९९ अ कलम आलंय. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो : तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. बापांच्या चेहऱ्यावर सगळ्यात जास्त फरक या शेवटच्या वाक्याने पडला. बोटीवर काम नाही मिळालं तर ड्रायव्हरकी आहेच, हा आमच्याकडचा हिशेब असतो. पंचविशीपर्यंत तो रस्ताच बंद.

कार्यक्रमाची सुरुवात चिठ्ठ्यांनी झाली. प्रत्येक पोराला दोन चिठ्ठ्या, नाव लिहायचं नाही. एकीवर लिहायचं, आपल्या वयाच्या दहा पोरांपैकी किती जण पितात असं तुला वाटतं. दुसरीवर, तू गेल्या महिन्यात प्यालास का. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर उघडल्या. पहिल्या चिठ्ठ्यांवर बहुतेकांनी सात, आठ, काहींनी तर नऊ लिहिलं होतं. दुसऱ्या चिठ्ठ्यांवर ‘नाही’च जास्त. बारावीतली जी मुलगी हे घेत होती, तिने भाषण केलं नाही. एवढंच विचारलं, ‘म्हणजे तुम्ही कुणाला घाबरून पिताय?’ सगळे पितात, मी एकटाच मागे, असं प्रत्येकाला वाटत असतं, आणि तो ‘सगळे’ नावाचा माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही. चाळिशीतल्या माणसाने हेच सांगितलं असतं तर पोरांनी ऐकलं नसतं. आपल्याच वयाच्या मुलीने चिठ्ठ्या मोजून दाखवल्या, मग कुठे पटलं.

नंतर चष्म्यांचा खेळ. बाहेर यासाठी खास गॉगल विकत मिळतात, घातले की दोन-दोन दिसतं. या मुलांनी ते विकत न घेता इथलेच स्नॉर्कलिंगचे जुने मास्क घेतले आणि काचेवर आतून सेलोटेपचे थर चिकटवले. ते घालून अंगणात आखलेल्या फक्कीच्या रेषेवर चालायचं आणि खुर्चीवर ठेवलेली चावी उचलायची. हशा खूप झाला. मला हा भाग तितकासा पटला नाही. दारूने नजर धूसर होते हे खरं, पण मास्क घातलेल्या पोराला आपल्याला दिसत नाही हे कळत असतं, म्हणून तो जपून पावलं टाकतो. प्यालेल्याला उलट वाटतं की आपण आज जास्तच चांगली चालवतोय. मी हे बोलले, तर त्यांच्या बाई म्हणाल्या, मुलांनाही ते माहीत आहे, म्हणून पुढचा प्रयोग ठेवलाय.

तो पुढचा प्रयोग मात्र उत्तम. एकाने तीस सेंटिमीटरची पट्टी वर धरायची, दुसऱ्याने खाली बोटं उघडी ठेवायची, पट्टी सुटली की पकडायची. वीस सेंटिमीटरवर पकडली म्हणजे साधारण एक पंचमांश सेकंद लागला. अकरावीच्या फिजिक्सचं गणित, त्यांनी ते पाटीवर करून दाखवलं. मग त्याच पोराला सतराचा पाढा म्हणत पट्टी पकडायला लावलं. हातातून सुटली. परत सुटली. शुद्धीत असताना लक्ष जरा दुसरीकडे गेलं तर एवढा फरक, मग प्याल्यावर किती, हा सरळ प्रश्न. पुढे, ताशी चाळीसने गाडी असेल तर सेकंदाला अकरा मीटर जाते. मुलांनी आमच्या दारातून अकरा मीटर मोजून चुन्याची रेघ ओढली. ती शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत गेली. ब्रेक दाबायचं सुचायला एक सेकंद उशीर झाला तर गाडी तिथवर जाऊन पोचलेली असते, आणि ब्रेक अजून लागायचाच असतो. त्या रेघेकडे बायका बघत राहिल्या, कारण त्या पट्ट्यात रोज संध्याकाळी पोरं लगोरी खेळतात.

‘उतरते कशी’ यावर वाडीत प्रत्येकाचं शास्त्र वेगळं. कुणी म्हणतं काळी कॉफी, कुणी लिंबू, कुणी थंड पाण्याने आंघोळ, आणि आमच्याकडे सोलकढी. एका काकांनी ते छातीवर हात ठेवून सांगितलं. मुलांनी त्यांचा मान ठेवून उत्तर दिलं, ते मला आवडलं. शरीर दारू आपल्याच गतीने बाहेर काढतं, तासाला साधारण १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम. सोलकढीने तोंडाला बरं वाटेल, रक्तातली दारू हलणार नाही. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅम. मध्यरात्री एखाद्याच्या रक्तात १२० असेल तर सकाळी सहाला तो जेमतेम ३० वर येतो. माझ्यासाठी हे नवीन होतं, आणि कामाचंही. माझे कितीतरी पाहुणे रात्री बसतात आणि पहाटे पाचला ‘ट्रॅफिक नको’ म्हणून मुंबईला निघतात. झोप झाली म्हणजे उतरली असं ते धरून चालतात. आता मी आदल्या संध्याकाळीच विचारते, सकाळी गाडी कोण चालवणार. तो माणूस रात्री बसणार असेल तर नाश्ता करून दहाला निघा म्हणते, आंबोळ्या गरम देते. बहुतेक जण थांबतात.

पकडलं गेलं तर काय, हेही सांगितलं, पण थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. थोडक्यात सांगितलं ते बरं केलं. आमच्या पोरांना पोलीस कुठे उभे असतात ते पाठ आहे, दंडाच्या भीतीने ती फार तर गल्ली बदलतात.

आता या कार्यक्रमाचं खरं मोल ज्यात आहे ते सांगते. मुलांनी हळदीची रात्र उभी केली. एक मुलगा झाला प्यालेला काका, एक झाला भाचा, बाकी पाव्हणे. काका गाडीकडे निघतो, भाच्याला म्हणतो बस मागे. भाचा काय करील? पहिल्यांदा आमच्या वाडीच्या पोराला भाचा केला. तो म्हणाला, ‘काकानू, तुमी प्यालास.’ झालं, काका पेटला, ‘माका शिकवतंस?’ आणि पाव्हणे हसायला लागले. मग कॉलेजच्या मुलीने करून दाखवलं. ती काकांना बाजूला घेऊन गेली, चारचौघांत काही बोलली नाही. प्यालात हा शब्दच काढला नाही. म्हणाली, ‘काकानू, गाडी हंयच रवांदे, सकाळी येवन न्हेवा. काकी वाट बघता, रिक्षा बोलवलंय.’ जायला साधन आधी तयार, मग चावी मागायची. आणि त्याहून सोपं म्हणजे पहिला पेला भरायच्या आधीच चावी कुणाकडे राहणार ते ठरवून टाकायचं, कारण तेव्हा काका शहाणा असतो. पोरांनी हे परत परत करून पाहिलं, मालवणीत, आपापल्या खऱ्या काका-मामांची नक्कल करत. ‘माका काय होवचा नाय’ हे वाक्य प्रत्येक काकाच्या तोंडी आलं, आणि प्रत्येक वेळी पोरांना त्यावर काहीतरी बोलता आलं. व्यसन वाईट असतं हे पोरांना ठाऊकच असतं. त्या घटकेला तोंडातून काय काढायचं, ते कुणी शिकवलेलं नसतं. या मुलांनी ते शिकवलं.

आणि एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली : चावी हिसकावायची नाही. माणूस ऐकत नसेल, अंगावर येत असेल, तर तिथून दूर व्हायचं, मोठ्या माणसाला बोलवायचं, ११२ ला फोन करायचा, आणि काहीही झालं तरी स्वतः मागे बसायचं नाही. मला वाटतं हे वडीलधाऱ्यांनी जास्त ऐकायला हवं. मुलं पुढाकार घेतायत म्हणून मोठ्यांनी हात झटकून चालणार नाही. प्यालेल्या माणसासमोर उभं राहायचं काम मोठ्यांचं, सतरा वर्षांच्या पोरीचं नाही.

मग कागद वाटले. घरातल्या मुलामुलीने आणि आईवडिलांनी मिळून सही करायचा करारनामा. याचं मूळ अमेरिकेतलं. १९८१ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वेलँड गावात अपघातांत विद्यार्थी गेले, त्यानंतर तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी पिऊन गाडी चालवण्याच्या विरोधात संघटना काढली. तिचं नाव सॅड, म्हणजे ‘स्टुडंट्स अगेन्स्ट ड्रायव्हिंग ड्रंक’. पुढे १९९७ मध्ये त्यांनी नावाचा विस्तार बदलून इतर व्यसनं आणि घातक निर्णयही त्यात आणले. त्यांच्या करारात मूल वचन देतं की प्यालेल्याच्या गाडीत बसणार नाही, फोन करीन. आईवडील वचन देतात की कितीही वाजता फोन आला तरी न्यायला येऊ, आणि त्या वेळी आरडाओरडा करणार नाही. या मुलांनी तो मराठीत आणला आणि त्यातली एक ओळ ठळक अक्षरात ठेवली : मीही पिऊन गाडी चालवणार नाही. ही ओळ आईवडिलांच्या बाजूला आहे. आमच्या अंगणात त्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला. बायकांनी लगेच सह्या केल्या. दोन-तीन बापे कागद घडी करून खिशात घालून गेले. एकाने मात्र सगळ्यांसमोर बायकोकडून पेन घेऊन सही केली, आणि त्याचा मुलगा जमिनीकडे बघत उभा होता. रात्री दोन वाजता ‘बाबा, माका न्हेवक येवा’ म्हणायचा धीर मुलाला यायला हवा असेल, तर ‘आधी घरी ये, मग बघतो तुला’ हे वाक्य बापाने गिळायला शिकलं पाहिजे. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

तंबाखूचा भाग लहान होता पण नेमका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या कुठे मिळतात ते सगळ्यांना माहीत, त्यावर मुलांनी वेळ घालवला नाही. त्यांनी विचारलं, आजीसाठी मशेरी आणायला दुकानात कोण जातं? निम्मे हात वर. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आपणच नातवाला पैसे देऊन पाठवतो. आमच्या थोरल्या सासूबाई मागून म्हणाल्या, ‘मगे माका मशेरी कोण हाडतलो?’ मुलीने त्यांच्याजवळ जाऊन पाटावर बसून समजावलं, सोडा म्हणाली नाही, नातवाला पाठवू नका एवढंच म्हणाली. सासूबाईंनी मशेरी सोडलेली नाही. पण आता दुकानात त्या स्वतः जातात.

अपघात दिसला तर थांबायचं का, यावर आमच्याकडे अजून भीती आहे, पोलीस आपल्यालाच धरतील. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३४ अ आलं, मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. १०८ ला फोन करताना जागा कशी सांगायची याचा सराव मुलांनी घेतला : कुठला थांबा, कुठलं देऊळ, कुठल्या बाजूला. इथे ‘पुढच्या वळणावर’ म्हटलं तर रुग्णवाहिका देवबागच्या टोकाला जाऊन परत येईल.

आता उणं काय ते. दीड तासात विषय फार कोंबलेत. गांजाचा भाग तर कच्चाच राहिला. वाडीतल्या एका पोराने विचारलं, गांजा झाडाचा, दारूसारखा वास नाही, फुंकर मारून कळत नाही, मग गाडीला काय हरकत? प्रश्न खरा होता. मुलांनी घोषणा म्हटल्यासारखं उत्तर दिलं आणि पुढे गेली. खरं तर कलम १८५ दारूइतकंच अमली पदार्थांनाही लागू आहे, गांजाने लक्ष आणि वेळेचा अंदाज बिघडतो, आणि जवळ सापडला तर १९८५ चा अमली पदार्थ कायदा वेगळा. पट्टीचा प्रयोग त्यांच्याकडे होताच, तो इथे जोडता आला असता. या भागासाठी त्यांनी एखाद्या डॉक्टरांना सोबत आणावं, असं मी बाईंना सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट जास्त जड आहे. कार्यक्रम संपल्यावर, चहा चालू असताना, वाडीबाहेरचं एक लहान मूल त्या मुलींपैकी एकीजवळ घुटमळत राहिलं आणि घरातलं बोललं. काय बोललं ते मी लिहिणार नाही. मुलीने शांतपणे ऐकलं, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन दिलं नाही, त्याला हाताला धरून बाईंकडे नेलं. त्यांना तसंच शिकवलंय : ऐका, गुपिताचं वचन देऊ नका, मोठ्या माणसाकडे न्या, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर द्या. आम्हा मोठ्यांना त्या मुलाने वर्षानुवर्षं काही सांगितलं नव्हतं. पण नंतर ती मुलगी विहिरीपाशी एकटीच उभी होती, बराच वेळ. म्हणून माझं ठाम सांगणं आहे, सोबत बाई किंवा सर नसतील तर कार्यक्रम घेऊ नका. आणि ज्या घरात व्यसन मुरलंय तिथे मुलांच्या कार्यक्रमाने भागणार नाही. तो आजार आहे, त्याला उपचार लागतात. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून ते काम करतंय, आणि व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे. मुलांनी हा नंबर पाटीवर लिहिला होता, पण खाली कोपऱ्यात. वर, मोठ्या अक्षरात हवा.

आमच्याकडे बदललं काय? संध्याकाळी सातनंतर स्कूटरच्या चाव्या माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीवर. पाहुणा आल्याआल्याच हे सांगते, त्याने पैसे द्यायच्या आधी. खोल्यांमध्ये तीन रिक्षावाल्यांचे नंबर लावलेत, त्यांच्याशी रात्रीचा दर ठरवलाय, आणि तो पाहुण्यांना आधीच सांगितलेला असतो म्हणून वाद होत नाही. एका ग्रुपने याच कारणाने खोली सोडली. जाऊ दे. बाकीच्यांनी मान्य केलं, आणि लहान मुलं घेऊन येणाऱ्या एका बाईने तर जाताना मला मिठी मारली. वाडीत या वर्षी दोन हळदी झाल्या, दोन्हीकडे चाव्या नवऱ्यामुलाच्या आत्येच्या ताब्यात होत्या. सगळ्यांनी दिल्या असं नाही. पण मागायला आता लाज वाटत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा गांजाच्या भागासाठी आणि कोंबलेल्या वेळेसाठी राखला.

बोलवायचं असेल तर मालवण परिसरातल्या ज्युनिअर कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजना बघणाऱ्या बाई किंवा सरांना विचारा. मानधन मुलं घेत नाहीत, एसटीचं भाडं आणि खाणं द्या. मी घावणे-चटणी आणि शिरा केला होता, घावणे कमी पडले. जानेवारीनंतर बारावीची मुलं मिळणार नाहीत, परीक्षा असते. गणपतीच्या आधी किंवा जत्रा सुरू व्हायच्या आधीचा रविवार धरा. वेळ दुपारी चारची ठेवा, शेवटच्या एसटीची वेळ आधी बघून ठेवा, आणि मुलं थांब्यावर बसमध्ये चढेपर्यंत आपल्यातलं एक मोठं माणूस तिथे उभं असू द्या.